शेख्टर नको, मग काय? एका अमेरिकन ज्यू शाळेच्या नामांतराचं प्रकरण

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका मध्यम शहरातली ही ज्यू शाळा. बालवर्ग ते आठवी, पट दीडशेच्या आत. मी तिथं प्रवेश विभागात काम करत होते तेव्हा विश्वस्तांनी शाळेचं 'सॉलोमन शेख्टर डे स्कूल' हे नाव बदलायचं मनावर घेतलं आणि पुढची दीड-दोन वर्षं तो विषय सगळ्यांना पुरून उरला. शहर, माणसं आणि ओळख पटेल असे बारकावे मी बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमानं झाले आणि का झाले, ते मात्र घडलं तसंच मांडलं आहे.

मी ज्यू नाही, त्यामुळे या वादात माझं मत कुणी विचारायचं कारण नव्हतं. पण फोन मी उचलत होते. नाव ऐकून लोकांना काय वाटतं हे सगळ्यात आधी फोन उचलणाऱ्यालाच कळतं.

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ज्यू शाळांची नावं बाहेरच्याला सारखीच वाटतात. आतल्या माणसाला मात्र पाटी वाचूनच बहुतेक सगळं कळतं. नावात 'येशिवा' असेल तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ पंथाची शाळा, तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर भर. 'बेस याकोव्ह' म्हटलं की कर्मठ घरातल्या मुलींची शाळा. ही परंपरा 1917 मध्ये क्राकोमध्ये सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सुरू केली. 'तोरा अकॅडमी' (तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) त्याच बाजूची. 'हिब्रू अकॅडमी' थोडी मधली. 'सॉलोमन शेख्टर' म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह पंथाची (ऑर्थोडॉक्सइतका कर्मठ नाही, रिफॉर्मइतका मोकळाही नाही, असा मधला पंथ), आणि 'कम्युनिटी डे स्कूल' म्हणजे कुठल्याच एका पंथाची नसलेली, सगळ्यांना सामावून घेऊ पाहणारी. मुलं-मुली एकत्र बसतात का, डब्यात कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम, किती काटेकोर पाळतात, सकाळची प्रार्थना किती वेळ चालते, हे जाणकाराला न विचारता समजतं. आपल्याकडे 'विद्यामंदिर', 'कॉन्व्हेंट' आणि 'इंटरनॅशनल' ही नावं ऐकली की माध्यम, फी आणि गणवेश यांचा अंदाज येतो, तसंच हे.

आमची शाळा शेख्टर नावाच्या शाळांपैकी. 1960 च्या दशकात इथल्या काही कन्झर्व्हेटिव्ह कुटुंबांनी सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनागृहाच्या) तळघरात तिचे पहिले वर्ग भरवले. तेव्हा हे नाव म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट होती. सॉलोमन शेख्टर हे 1847 मध्ये रुमानियात जन्मलेले विद्वान. केंब्रिजमध्ये असताना 1896-97 च्या हिवाळ्यात ते कैरोला गेले आणि तिथल्या एका जुन्या सिनेगॉगच्या कोठीत शतकानुशतकं साठलेली हस्तलिखितं केंब्रिजला घेऊन आले. त्या ढिगाऱ्यात बाराव्या शतकात मंगळुरात राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू नावाच्या ज्यू व्यापाऱ्याचीही पत्रं होती. आपल्याच किनाऱ्यावरचा मिरी-लोखंडाचा व्यापार, भागीदारांशी झालेली भांडणं, असं बरंच काही त्या कोठीतल्या कागदांतून कळलं. पुढे 1902 मध्ये शेख्टर न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे प्रमुख झाले आणि अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाची घडी त्यांनी बसवली. 1915 मध्ये ते वारले. त्यांच्या नावाची शाळा निघणं स्वाभाविकच होतं.

मला स्वतःला हे नाव फार आवडायचं. पण शाळेत शिकणाऱ्या दहा मुलांना विचारलं असतं तर शेख्टर कोण होते हे दोघांना तरी सांगता आलं असतं की नाही, शंका आहे.

दरम्यान पंथच आकसत गेला. शेख्टर शाळांचा देशभरातला पट 1998 मध्ये साडेसतरा हजारांच्या घरात होता. 2013 च्या शाळागणतीत तो दहा हजारांच्या खाली आला. काही शाळा बंद पडल्या, काही दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या, काहींनी शेख्टर हे नाव सोडलं. न्यू जर्सीतली एक मोठी शेख्टर शाळा 2011 मध्ये तिच्या एका संस्थापिकेच्या नावानं 'गोल्डा ओच अकॅडमी' झाली. त्या काळात एकूण ज्यू शाळांमधली मुलं मात्र कमी होत नव्हती. वाढ ऑर्थोडॉक्स शाळांमध्ये होती आणि ती भरघोस होती.

अडचण नेमकी कुठं होती

आमचा पट दहा वर्षांत हळूहळू उतरत गेला. एकदम नाही, दर वर्षी चार-पाच मुलं कमी. अशी गळती कुणाला झोंबत नाही म्हणूनच ती धोक्याची. एका वर्षी बालवर्गाच्या दोन तुकड्यांची एक करावी लागली, तेव्हा विश्वस्त मंडळाला जाग आली.

मंडळाचे अध्यक्ष जाहिरात क्षेत्रातले. त्यांचं निदान तयार होतं: नावच आडवं येतंय.

खरं सांगायचं तर ते अगदीच निराधार नव्हतं. फोनवर मला जे प्रश्न यायचे त्यातले काही असे. "ही शाळा रब्बी तयार करण्यासाठी आहे का?" (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू.) "तुम्ही कन्झर्व्हेटिव्ह आहात असं ऐकलं, पण आमचं घर डेमोक्रॅट आहे, चालेल ना?" पंथाचं नाव आणि राजकारण यांची ही गल्लत इतकी नेहमीची होती, की मी उत्तर पाठच करून ठेवलं होतं. 'डे स्कूल' वाचून काही आया पाळणाघराच्या वेळा विचारायच्या. ज्यू जगात 'डे स्कूल' म्हणजे पूर्ण वेळाची शाळा. सार्वजनिक शाळेतल्या मुलांना संध्याकाळी किंवा रविवारी जे हिब्रूचे वर्ग लावतात, त्यांच्यापासून वेगळी ओळखू यावी म्हणून हा शब्द रुळला. बाहेरच्याला हे कसं कळावं? आणि आतल्या कितीतरी जणांच्या डोक्यात 'हिब्रू स्कूल' म्हटलं की रविवारची सकाळ, मित्र बाहेर खेळताहेत आणि आपण जांभया देत अक्षरं गिरवतोय, हेच चित्र. आमच्या शाळेचा त्या चित्राशी काही संबंध नव्हता, पण पालक स्वतःचं बालपण घेऊनच फोन करायचे.

शिवाय स्पेलिंग. इंग्रजीत शेख्टर लिहायला नऊ अक्षरं लागतात आणि त्यात 'सीएच' दोनदा येतं. इंटरनेटवर शोधणारा माणूस ते कसंही लिहायचा. फोनवर पत्ता सांगताना मी एकेक अक्षर फोडून सांगायचे आणि पलीकडून शांतता.

यात खोलवरचा प्रश्न वेगळाच होता. प्यू संशोधन संस्थेच्या 2020 च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या प्रौढ ज्यूंपैकी 17 टक्के स्वतःला कन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात, 37 टक्के रिफॉर्म, 9 टक्के ऑर्थोडॉक्स, आणि जवळपास एक तृतीयांश लोक कुठल्याच पंथाचे नाहीत. ऑर्थोडॉक्स वगळले तर 2010 नंतर लग्न केलेल्यांपैकी 72 टक्के जणांचा जोडीदार ज्यू नाही. म्हणजे ज्या शहरात एकेकाळी 'शेख्टर' म्हटलं की चार गल्ल्यांमधली घरं आपली म्हणून पुढं यायची, तिथं आता बहुतेक तरुण घरांना ते नाव एक तर काहीच सांगत नव्हतं, किंवा "हे आपल्यासारख्यांसाठी नाही" असं सांगत होतं.

पहिला निर्णय: विचारायचं कुणाला

मंडळानं एका सल्लागार कंपनीला काम दिलं. तिनं प्रश्नावली तयार केली आणि ती शाळेच्या यादीतल्या सगळ्यांना पाठवली. शाळेच्या यादीत कोण? सध्याचे पालक, माजी विद्यार्थी, देणगीदार. या लोकांनी नावावर प्रेम असल्याचं भरभरून कळवलं. कळवणारच! ज्यांना नाव खटकलं ते त्या यादीत आलेच नव्हते.

मुख्याध्यापिका हुशार बाई. अहवाल मिटून बाजूला ठेवत त्या मला म्हणाल्या, "जे आले नाहीत त्यांचं काय?" माझ्याकडे मागच्या काही वर्षांतल्या चौकशांच्या वह्या होत्या. फोन केला, माहितीपत्रक मागवलं आणि पुढे काहीच नाही, अशी नावं. आणि दुसरी यादी, शाळा बघून गेलेल्यांची: वर्गात बसले, मुख्याध्यापिकांना भेटले आणि मग मुलाला दुसरीकडे घातलं. दोन्ही याद्यांतल्या लोकांना मी फोन करत बसले. काहींनी ठेवून दिला, पण बरेचसे मोकळेपणानं बोलले.

दोन याद्यांची उत्तरं जुळेनात. शाळेत पाऊलही न टाकलेले लोक नावाबद्दल बोलत होते: फार धार्मिक वाटली, जुनाट वाटली, नवरा ज्यू नाही म्हणून विचारायचा धीर झाला नाही. शाळा पाहून गेलेल्यांपैकी नावाचा उल्लेख जवळजवळ कुणीच केला नाही. त्यांची कारणं साधी आणि कडक होती. वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास फी. दिवसाचा मोठा भाग हिब्रू आणि धर्मशिक्षणात गेल्यावर गणित-विज्ञानाला वेळ कितीसा उरणार? एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या मुलीच्या वर्गात आठच मुलं होती आणि त्यात मुलगी ही एकटीच. तिला वाढदिवसाला बोलावायला मैत्रीण नको का?

हे निष्कर्ष मी दोन पानांत लिहून दिले. नाव लोकांना फाटकाबाहेर थांबवतं. आत आलेल्यांना घालवतं ते दुसरंच काहीतरी. मंडळानं पहिलं पान उचलून धरलं. दुसऱ्या पानाबद्दल "यावर स्वतंत्र बैठक घेऊ" असं ठरलं. ती बैठक बराच काळ झाली नाही.

पर्याय

नाव आहे तसं ठेवायचं हा पर्याय माजी विद्यार्थ्यांचा. नुसतं 'शेख्टर' करायचं, सॉलोमन आणि डे स्कूल गाळायचं, हा सल्लागारांचा. बऱ्याच शाळांनी तसं केलंही आहे. लंडनची 1732 पासूनची ज्यूज फ्री स्कूल तर आता जेएफएस या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. पण जेएफएसमागे जवळजवळ तीनशे वर्षांची पुण्याई आहे. आमच्या शहरात नुसतं 'शेख्टर' म्हटलं असतं तर लोकांना वकिलांची फर्म वाटली असती.

तिसरा पर्याय देणगीदाराचा. शहरातले एक वृद्ध उद्योजक मोठी रक्कम द्यायला तयार होते. आपल्या वडिलांचं नाव शाळेला द्यावं एवढीच अट. अशी उदाहरणं कमी नाहीत. फिलाडेल्फियाची 1946 मध्ये सुरू झालेली अकिबा हिब्रू अकॅडमी 2007 मध्ये देणगीनंतर जॅक बॅरॅक यांच्या नावाची झाली. मुंबईत तर हे त्याच्या कितीतरी आधी घडलं. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी 1875 मध्ये बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, मुलांसाठी 'इस्रायलाइट स्कूल' सुरू केलं. 1930 च्या दशकात हाँगकाँग-शांघायच्या कदूरी घराण्याच्या आश्रयानंतर ते 'सर एली कदूरी' शाळा म्हणून ओळखलं जाऊ लागलं. समाजाचं नाव गेलं, दात्याचं आलं. आज माझगावात त्या पाटीखालून जाणाऱ्या किती जणांना ती ज्यूंनी काढलेली शाळा आहे हे कळतं? पाटीवरून तरी कळत नाही. हे उदाहरण मी बैठकीत सांगितलं तेव्हा अध्यक्षांचे डोळे चमकले. त्यांना त्यात सोय दिसली, मला तोटा दिसत होता.

देणगीदाराचा पर्याय मागं पडला तो तत्त्वामुळे नाही. त्यांच्या वडिलांचं आडनाव शेख्टरइतकंच अवघड निघालं.

चौथा पर्याय तटस्थ नावाचा: टेकडी, ओक वृक्ष, नदी असलं काहीतरी. आणि पाचवा शहराच्या नावाचा: अमुक ज्यूइश कम्युनिटी स्कूल.

नामांतर म्हटलं की मराठी माणसाला मराठवाडा विद्यापीठ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या लढ्याचं वजन इथल्या वादाला मुळीच नव्हतं, इथं कुणाच्या माणूसपणाचा प्रश्न नव्हता. पण 1994 च्या नामविस्ताराचा तोडगा, म्हणजे जुनं ठेवून नवं जोडायचं, हा इथंही कुणीतरी सुचवलाच. शहर, ज्यूइश, सॉलोमन शेख्टर, कम्युनिटी, डे, स्कूल असं सगळं एका ओळीत लिहून दाखवलं गेलं. कला शिक्षकानं ते टी-शर्टच्या छातीवर बसवून पाहिलं. शेवटचे दोन शब्द काखेत गेले. तो पर्याय तिथंच संपला.

'ज्यूइश' हा शब्द ठेवायचा की नाही

खरी खडाजंगी चौथ्या आणि पाचव्या पर्यायात झाली. तटस्थ नावाच्या बाजूनं दोन गट होते आणि त्यांची कारणं अगदी वेगळी होती. एकांना वाटत होतं की नावात 'ज्यूइश' नसेल तर मिश्र विवाहाची घरं बिचकणार नाहीत. दुसऱ्यांना भीती होती. 27 ऑक्टोबर 2018 ला पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेल्या 11 जणांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हापासून आमच्याही दारात सशस्त्र पहारेकरी होता. बसवर शाळेचं नाव रंगवायचं की नाही यावर पालकांची एक सबंध बैठक गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनमधल्या काही ज्यू शाळा सुरक्षेच्या काळजीनं काही दिवस बंद राहिल्याची बातमी आली, तेव्हा हा गट म्हणाला, बघा.

या भीतीला उत्तर देणं सोपं नव्हतं. तरी मुख्याध्यापिकांचा मुद्दा मला पटला. हल्ला करणारा माणूस शाळेच्या नावावरून शाळा शोधत नाही, ती कुठं आहे हे त्याला माहीत असतं. नाव लपवल्यानं हल्लेखोर फसणार नाही. फसेल तो रस्त्यानं जाणारा एखादा चांगला पालक.

मिश्र घरांच्या मुद्द्यावर मी आपल्याकडची उदाहरणं दिली. कोलकात्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये आज बहुसंख्य मुली मुसलमान आहेत. नावात 'ज्यूइश' आहे म्हणून त्यांच्या आया दारातून परत गेल्या नाहीत. शिस्त आहे, शिक्षण बरं आहे, एवढं त्यांना पुरलं. बर्मिंगहॅमच्या किंग डेव्हिड शाळेतही मोठ्या संख्येनं मुस्लीम मुलं आहेत आणि ती हिब्रू गाणी म्हणतात. नाव किती अडवतं हे त्याच्या पलीकडे काय मिळतं त्यावर ठरतं. एक सदस्य म्हणाले, तिकडे दुसरी चांगली शाळा परवडत नसेल म्हणून. तेही खरं असू शकतं. आमच्या शहरात मात्र चांगली सार्वजनिक शाळा फुकट होती.

पालकांमध्ये एक बेने इस्रायल बाई होत्या. माहेर ठाण्याचं, मग इस्रायल, मग अमेरिका. आडनावाच्या शेवटी अजून 'कर' शाबूत. माझ्याशी त्या मराठीतच बोलायच्या. मधल्या सुट्टीत डबा विसरलेल्या मुलाला डबा द्यायला आल्या होत्या, तेव्हा व्हरांड्यात थांबवून मला म्हणाल्या, "ताई, नाव काही पण ठेवा. पण ज्यूइश काढलंत ना, तर सासूबाई विचारतील, मग एवढे पैसे कशाला भरतेस? सरकारी शाळा काय वाईट आहे?" मग डबा उघडून दाखवला. मलिदा होता, गोड पोह्यांचा; आदल्या रात्री घरी एलियाहू हन्नबीचा (प्रेषित एलियाचा) नवस फेडला होता. "आणि हे इथं सगळ्यांना समजावून सांगावं लागतं. आपल्यातलेच आहेत तरी." म्हणजे ज्यूंच्या शाळेतही त्यांच्या मुलाला ओळख करून द्यावी लागत होतीच. शेख्टर या नावातल्या युरोपशी त्यांचं काही नातं नव्हतं. 'ज्यूइश' मात्र त्यांचाही शब्द होता.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्या परवानगीनं बैठकीत सांगितलं. मतं फिरवण्यात याचा वाटा किती होता सांगता येत नाही. पण त्यानंतर तटस्थ नावाची बाजू कुणी जोरानं लावून धरली नाही.

अंमलबजावणी

पाचवा पर्याय मंजूर झाला. 'डे' गळालं. शेख्टर यांचं नाव ग्रंथालयाला दिलं आणि तिथं त्यांचं, कैरोहून आणलेल्या कागदांच्या ढिगात बसलेलं प्रसिद्ध छायाचित्र मोठं करून लावलं. गंमत म्हणजे ते छायाचित्र लागल्यावरच मुलं विचारायला लागली की हे आजोबा कोण.

वकिलांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. संस्थेचं नोंदणीकृत नाव बदलू दिलं नाही; नवं नाव फक्त व्यवहारातलं नाव म्हणून नोंदवलं. कारण गेल्या साठेक वर्षांत किती जणांनी मृत्युपत्रात जुन्या नावानं शाळेला पैसे ठेवले असतील याचा पत्ता कुणालाच नव्हता. संकेतस्थळाचा जुना पत्ताही चालू ठेवला. जुन्या स्पेलिंगच्या सगळ्या चुकांसकट तो नव्या पत्त्याकडे वळवला.

माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र ढिसाळपणा झाला. त्यांना पत्र जायच्या आधीच फेसबुकवर कुणीतरी नवं बोधचिन्ह टाकलं. दोन दिवसांत मुख्याध्यापिकांच्या टपालात संतापाचा ढीग. एका जुन्या विद्यार्थ्यानं आपलं आठवीचं प्रमाणपत्र परत पाठवलं.

परिणाम

चौकशा वाढल्या, आणि लवकर वाढल्या. रब्बी तयार करता का, हा प्रश्न जवळजवळ बंद झाला. त्याऐवजी शेजारच्या ज्यूइश कम्युनिटी सेंटरच्या पोहण्याच्या तलावाची चौकशी आमच्याकडे यायला लागली. नावं इतकी सारखी झाली होती. बालवर्ग दुसऱ्या वर्षी भरला. सहावीपासूनची गळती होती तशीच राहिली.

धर्माचरण काटेकोर पाळणारी काही कुटुंबं तोरा अकॅडमीकडे गेली. त्यांच्यापैकी एका वडिलांनी मला सरळ सांगितलं: 'कम्युनिटी' म्हटलं की स्वयंपाकघर ढिलं होणार. स्वयंपाकघरात काहीएक बदललं नव्हतं. त्यांनी आमची नवी पाटी जुन्या सवयीनं वाचली, जशी आतली माणसं नेहमी वाचतात.

पण शाळेला खरा धक्का बसला तो ज्यांच्यासाठी नाव बदललं त्यांच्याकडूनच. मिश्र विवाहाची घरं आली. त्यातल्या एका घरात वडील ज्यू, आई कॅथलिक घरातली; दोघांनी मुलाला ज्यू म्हणूनच वाढवलेलं. नाव वाचून त्यांना आपल्याला बोलावलंय असं वाटलं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मुलगा पाचवीत दाखल झाला. तेरावं वर्ष जवळ आलं तशी आईनं विचारलं, बार मित्झवानंतर (मुलगा धर्मात सज्ञान ठरतो त्या विधीनंतर) सकाळच्या प्रार्थनेत हा इतर मुलांसारखा तोरा वाचेल ना?

कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या नियमाप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. वडील ज्यू असले तरी मुलाला रीतसर धर्मप्रवेश करावा लागतो. रिफॉर्म पंथानं 1983 मध्ये वडिलांकडचा वारसाही मान्य केला, पण आमची शाळा त्या पंथाची नव्हती. शाळेच्या नियमावलीत जुनाच नियम होता. पाटी बदलताना ती नियमावली कुणी उघडून पाहिलीच नाही. शाळेचे रब्बी त्या आईला काय सांगायचं या विवंचनेत आठवडाभर तिला टाळत राहिले. शेवटी ते माझ्या खोलीत आले आणि विचारलं, "प्रवेशाच्या वेळी तुम्ही काय सांगितलं होतं?" मी माहितीपत्रक पुढं केलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं: सर्व ज्यू कुटुंबांचं स्वागत.

मग घाईघाईनं समिती, तीन सिनेगॉगच्या रब्बींची बैठक, आणि एक मधला मार्ग: प्रार्थनेचे दोन गट, त्यातल्या एकात सगळ्यांना तोरा वाचता येईल. मुलानं त्या गटात वाचलं. आई समाधानी होती असं नाही म्हणता येणार; ती म्हणाली, "दोन गटांमधला फरक माझ्या मुलाला कळतो." पुढच्या वर्षी ते कुटुंब राहिलं, पण धाकट्या मुलीचा अर्ज आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते क्रम उलटा हवा होता. आधी प्रवेशाचा आणि प्रार्थनेचा नियम ठरवायचा, तो शिक्षकांपासून रब्बींपर्यंत सगळ्यांना मान्य आहे याची खात्री करायची, आणि मग त्या नियमाला शोभेल असं नाव घ्यायचं. जुनं नाव लोकांना चुकीचं वाटलं तरी ते कमी आश्वासन देणारं होतं. नव्या नावानं जास्त आश्वासन दिलं आणि ते पाळायची तयारी नव्हती. नियम न बदलता, 'शेख्टर' तसंच ठेवून नुसतं 'डे' काढून शहराचं नाव पुढं लावलं असतं, तर फोनवरचा निम्मा गोंधळ तेवढ्यानंच मिटला असता. पंथाबद्दल बोलायला सवड मिळाली असती ती वेगळीच.

सल्लागारांना पैसे देण्याआधी चौकशीच्या वह्या उघडायला हव्या होत्या. त्या फुकट होत्या. आणि माझ्या दोन पानी टिपणाचं दुसरं पान, फी, गणित आणि वर्गातल्या मुलांची संख्या, ते पहिल्या पानासोबतच चर्चेला घ्यायला हवं होतं. मंडळाला नाव सोपं वाटलं कारण नाव एका बैठकीत मतदानाला टाकता येतं. फी तशी टाकता येत नाही.

माजी विद्यार्थ्यांबाबत मी इतकी ठाम नाही. पत्र आधी गेलं असतं तर राग कमी झाला असता, हे मान्य. पण त्यांना मत विचारलं असतं तर नाव कधीच बदललं नसतं. शिवाय ज्यांचा राग सगळ्यात मोठा होता त्यांच्यापैकी बहुतेकांची मुलं आमच्या शाळेत नव्हतीच. प्रमाणपत्र परत पाठवणाऱ्या गृहस्थांना मुख्याध्यापिकांनी ग्रंथालयाच्या उद्घाटनाला बोलावलं. ते आले आणि जाताना प्रमाणपत्र घेऊन गेले.

तटस्थ नाव टाळलं ते बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. सुरक्षेचा मुद्दा मात्र किरकोळ समजून बाजूला सारायला नको होता. घाबरलेल्या पालकांना "नावानं काही होत नाही" हे उत्तर पुरत नाही. पहारा कुणाचा, किती वेळ, बस कुठं थांबणार, हे नावाच्या बैठकीतच त्यांच्यापुढं मांडलं असतं तर वाद एवढा चिघळला नसता.

मी शाळा सोडली त्या वर्षी सहावी ते आठवीसाठी गणिताचा वेगळा शिक्षक नेमला गेला आणि भावंडांच्या फीमध्ये सवलत सुरू झाली. आता पट वाढला तर तो नावामुळे की याच्यामुळे, हे सांगणं अवघड होणार. माझ्या जागी आलेल्या मुलीनं चौकशीच्या अर्जात दोन ओळी वाढवल्या आहेत: शाळेचं नाव ऐकून आमच्याबद्दल काय वाटलं होतं, आणि शाळा पाहिल्यावर काय वाटलं. दुसरी ओळ बरेच जण कोरी सोडतात, असं ती परवा फोनवर सांगत होती.